राजापूरचा सडा : जीवांचे कोनाडे आणि त्यांच्या जाणिवा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील राजापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याकडून समुद्राकडे येऊ लागले, की नद्यांच्या व खाड्यांच्या खोऱ्यांमध्ये उंचावलेली आणि माथ्यावर सपाट असलेली विस्तीर्ण कातळपठारे दिसू लागतात. कोकणात यांना सडे म्हणतात. ज्या जांभ्या दगडाचे हे सडे बनलेले आहेत, त्याचेच चिरे काढून येथील घरे, विहिरी आणि देवळे बांधली गेली. उष्ण व दमट हवेत दीर्घकाळ पडणाऱ्या पावसाने मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात आणि कालांतराने घट्ट होतात. जांभा तयार होतो तो असा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात केरळातील अशाच दगडाचे वर्णन करताना विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले.

महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ अशी आढळते. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर उभे राहिले, तर हा शब्द अगदी यथार्थ वाटतो. कातळ इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, गवत वाळून गेलेले असते आणि पाण्याचा मागमूस नसतो. परंतु ‘पडीक’ हा लागवडीच्या दृष्टीने केलेला निर्णय आहे, जीवशास्त्राचा नव्हे. जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता या कातळावर शेकडो जीवजाती आपापला व्यवहार चालवीत असतात, आणि त्यांच्यापैकी काहींचा संबंध सड्याखालच्या आंब्याच्या बागेशीही पोहोचतो. हा व्यवहार कसा चालतो हे समजून घेतले, तर सड्याचा उपयोग ठरविताना ग्रामपंचायतीला आणि अधिकाऱ्यांना अधिक डोळसपणे निर्णय घेता येईल.

कोनाडा म्हणजे काय?

एखादा प्राणी किंवा वनस्पती कोठे राहते, हे तिचे वसतिस्थान झाले. ती तेथे काय खाते, कोणत्या वेळी वावरते, कोणाचे भक्ष्य होते, किती उष्णता आणि किती ओल सहन करते, या सर्वांचा मिळून जो तिचा व्यवहार होतो, त्याला जीवशास्त्रात तिचा कोनाडा म्हणतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल याने १९१७ साली एका पक्ष्याचा अभ्यास मांडताना ही कल्पना रूढ केली. पुढे १९२७ साली इंग्लंडमधील चार्ल्स एल्टन याने अन्न आणि शत्रू यांच्याशी असलेल्या नात्यावर भर देऊन ती अधिक स्पष्ट केली.

आपल्या परिचयाच्या सात-बाराच्या उताऱ्यावरून हा भेद सहज ध्यानात येतो. गाव नमुना सात हा जमीन कोठे आहे आणि कोणाकडे आहे हे सांगतो. गाव नमुना बारा त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय होते हे सांगतो. वसतिस्थान हा जीवाचा नमुना सात होय आणि कोनाडा हा नमुना बारा होय. एकाच गटात अनेक जीवांचे वसतिस्थान असू शकते. मात्र दोन जातींचा नमुना बारा तंतोतंत सारखा असेल आणि अन्न मर्यादित असेल, तर त्या दोन्ही दीर्घकाळ एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांतील एक मागे हटते. रशियन शास्त्रज्ञ गाउस याने सूक्ष्मजीवांवर केलेल्या प्रयोगांतून १९३४ साली हे तत्त्व मांडले. म्हणूनच एका सड्यावर जेथे इतके जीव एकत्र नांदतात, तेथे त्यांनी जागा, वेळ आणि अन्न यांची वाटणी केलेली असलीच पाहिजे.

ऋतूंची वाटणी

सड्यावर ही वाटणी प्रामुख्याने पावसाच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पडणारा येथील पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पहिल्या सरींबरोबर कातळाच्या फटीतील कंदांतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडे नैसर्गिक स्थितीत क्वचितच आढळते. इतर गवत आणि वनस्पती वाढून दाटी होण्यापूर्वीच तिचा बहर उरकलेला असतो. त्यानंतर उथळ डबक्यांच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडे उमलतात, आणि पाऊस ओसरू लागला की ओलसर कातळावर ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलांचे थवे दिसतात. जागा एकच असते. परंतु प्रत्येकीची पाळी वेगळी असल्याने त्यांच्यातील स्पर्धा कमी होते.

प्राण्यांमध्येही अशीच वाटणी दिसते. टिटवी उघड्या कातळावरच चार खड्यांच्या आधाराने अंडी घालते. अंड्यांचा ठिपकेदार मातकट रंग भोवतालच्या खड्यांत मिसळून जातो. दिवसा सुट्या दगडांखाली दडून रात्री किड्यांच्या शोधात बाहेर पडणारी पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल याच सड्यांवर राहते. रत्नागिरी जिल्ह्यातून तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन १९६३ साली झाले, आणि आजही ती कोकणच्या या पट्ट्याबाहेर आढळत नाही. टिटवीला उघडा कातळ हवा, पालीला कातळावरचा सुटा दगड हवा. तो दगड गडग्यासाठी उचलून नेला, तर टिटवीचे काही बिघडत नाही. पालीचा मात्र आसरा जातो.

जाणिवेची दारे

कोनाडा कोणी कोणता घ्यावा, हे केवळ दात, नखे किंवा पंख यांवर ठरत नाही. जीवाला भोवतालचे काय कळते यावरही ते अवलंबून असते. प्रकाश, ध्वनी, गंध, स्पर्श, उष्णता यांपैकी विशिष्ट उद्दीपन टिपून त्याचे चेतासंदेशात रूपांतर करणाऱ्या पेशींना ग्राही म्हणतात. प्रत्येक ग्राही ठराविक उद्दीपनालाच प्रतिसाद देतो. त्यामुळे एकाच सड्यावर राहणाऱ्या दोन प्राण्यांना दोन निराळी जगे जाणवत असतात. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, पण तांबडा रंग रंग म्हणून दिसत नाही. मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे कार्ल फॉन फ्रिश याने १९१४ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केले. पक्ष्यांना तांबडा रंग उत्तम दिसतो. म्हणून पक्ष्यांवर विसंबणाऱ्या वनस्पतींची फुले व फळे पुष्कळदा तांबडी असतात.

चेतासंस्था नसलेल्या वनस्पतींनाही स्पर्शाची जाण असते, याचे उदाहरण सड्यावरच पाहावयास मिळते. कातळावरील मातीचा थर अतिशय पातळ असून त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची टंचाई असते. ती उणीव काही वनस्पती कीटक पकडून भरून काढतात. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट द्रवाचे थेंब असतात. त्यांवर कीटक अडकला की ते केस त्याच्याकडे वळतात. चार्ल्स डार्विन याने या गटातील इंग्लंडमधील एका जातीवर अनेक प्रयोग करून १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका असा केसाचा तुकडा ठेवला असता पानावरचा केस वळला. परंतु पाण्याचे थेंब वरून पडले तरी तो हलला नाही, असे त्यास दिसून आले. पावसात वाढणाऱ्या वनस्पतीने प्रत्येक सरीला प्रतिसाद दिला असता तर तिची शक्ती व्यर्थ गेली असती. काय जाणावे याइतकेच काय जाणू नये हेही महत्त्वाचे असते, हा धडा येथे मिळतो.

सीतेच्या आसवांची फुले डोळ्यांत भरतात. मात्र त्यांची शिकार ओलाव्यात, दृष्टीआड चालते. या वनस्पतीला सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर काढून टाकल्यामुळे आत दाब कमी झालेला असतो. दाराजवळील केसांना एखाद्या सूक्ष्म जलजीवाचा धक्का लागताच दार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उघडते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. दवबिंदू जमिनीवरील कीटक पकडतो, सीतेची आसवे पाण्यातील जीव टिपतात. उणीव एक, परंतु कोनाडे दोन.

पावसाळ्यात ओल्या मातीत आणि दगडांखाली देवगांडूळ सापडते. दिसावयास ते गांडुळासारखे असले तरी तो कणा असलेला उभयचर, म्हणजे बेडकाचा दूरचा आप्त आहे. कोकणातील एका जातीचे शास्त्रीय वर्णन २००३ साली झाले. मातीत राहणाऱ्या या प्राण्याला डोळ्यांचा विशेष उपयोग नसतो. त्याऐवजी डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान त्याला एक लहान स्पर्शक असतो. त्याच्या साहाय्याने मातीतील रासायनिक खुणा टिपून त्या तोंडाच्या वरच्या बाजूस असलेल्या गंधेंद्रियापर्यंत पोहोचविल्या जातात. असे इंद्रिय इतर कोणत्याही उभयचरास नाही.

सापांचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. फुरसे हा सड्यावरचा कायमचा रहिवासी. ब्रिटिश अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारण्यासाठी बक्षिसे लावण्यात आली होती, यावरून त्याची विपुलता ध्यानात यावी. फुरसे दगडांखाली राहते आणि विंचू, गोमी, पाली, बेडूक, उंदीर असे मिळेल ते खाते. त्याला बाह्यकर्ण नसतो; जमिनीची कंपने जबड्याच्या हाडांमार्फत अंतर्कर्णापर्यंत जातात आणि जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील विशेष इंद्रियाकडे पोहोचतात. याच्याच कुळातील चापडा हा हिरवा साप सड्यावर न राहता दाट झाडीत फांदीवर बसून रात्री शिकार करतो. त्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी एक खाच असते. काळोखातही उबदार रक्ताचा उंदीर वा पक्षी त्याला भोवतालच्या थंड पानांतून वेगळा जाणवतो. या खाचेतील ग्राही प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली ओळखले. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी त्यांना व आर्डेम पॅटापुशियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका कुळातील हे दोन विषारी साप. एकाला कातळाचा कोनाडा आहे, दुसऱ्याला फांदीचा. (फुरशाच्या दंशावर मंत्रोपचारात वेळ न दवडता रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे. भारतात तयार होणारी बहुगुणी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.)

नाती : घेणेकऱ्याची आणि देणेकऱ्याची

जीवजातींमधील नात्यांचे शाळेत शिकविले जाणारे प्रकार म्हणजे स्पर्धा, भक्षण, सहजीवन आणि जीवोपजीवन. त्यांची उदाहरणे शोधण्यासाठी शिक्षकांना दूर जावे लागणार नाही.

रात्री सड्यावर किडे टिपणारी वटवाघळे मानवी कानाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. त्यांचे भक्ष्य असलेल्या काही पतंगांच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या अवघ्या दोन पेशी असतात. परंतु त्या नेमका वटवाघळाचाच ध्वनी टिपतात आणि पतंग दिशा बदलतो किंवा खाली झेपावतो. भक्षक आणि भक्ष्य यांच्या या चढाओढीत एकाच्या ग्राहीतील सुधारणा दुसऱ्याच्या ग्राहीला सुधारण्यास भाग पाडते.

सड्याखालच्या आंब्यावर वाढणारे बांडगूळ हे जीवोपजीवनाचे उदाहरण होय. ते आंब्याच्या फांदीत मुळासारखे अवयव घुसवून पाणी व क्षार ओढून घेते. त्याची फळे फुलटोचा हा लहान पक्षी खातो. चिकट बी फांदीला लागते आणि तेथेच रुजते. म्हणजे एकच बांडगूळ आंब्याशी लुटारूचे आणि पक्ष्याशी परस्परोपकाराचे नाते ठेवून असते.

कधी कधी नाते तीन-चार जातींमध्ये गुंतलेले असते. मोहोरावरील तुडतुडे रस शोषताना चिकट गोड द्रव टाकतात. त्यालाच आपले बागायतदार ‘खार पडली’ असे म्हणतात. त्यावर काळी बुरशी वाढून पाने व फळे काळवंडतात. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, म्हणजे ओंबील, झाडावरील अनेक किडी मारून खातात. परंतु गोड द्रवाच्या लोभाने काही रसशोषक किडींची राखणही करतात. मुंगी बागेची मित्र की शत्रू, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रत्येक कीड पाहून ते द्यावे लागते.

एक ग्राही आणि हापूसची बाजारपेठ

या सर्व विवेचनाचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न पंचायत सदस्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फळमाशीपाशी मिळते. फळमाशीची मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, आणि पुढे मातीत उतरून कोश करतात. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळात अळी निघाली की सर्व मालावर संशय येतो. पाठविलेल्या मालात फळमाशीसारख्या किडी आढळल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली होती. तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यानंतर २०१५ च्या आरंभी ती बंदी उठली. ज्या हापूसला २०१८ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, त्याची पत अशा रीतीने एका माशीवर अवलंबून असते.

या माशीवरचा एक प्रभावी उपाय तिच्या ग्राहीतूनच सापडला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एफ. एम. हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाला १९१२ च्या सुमारास असे आढळले, की गवती तेलाच्या एका प्रकाराकडे फळमाशीचे केवळ नर ओढले जातात. पुढे मिथाइल युजेनॉल हे त्यातील आकर्षक द्रव्य निश्चित झाले. हे द्रव्य तुळशीच्या काही प्रकारांतही असते. नराच्या स्पर्शिकेवरील गंधग्राही हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही टिपतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. नर सापळ्यात मेले की माद्यांचे फलन घटते आणि पुढील पिढी कमी होते. फळावर विष पडत नाही आणि इतर कीटक या गंधाकडे फारसे वळत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. माशी बागेची हद्द ओळखत नाही. एकाने सापळे टांगले आणि शेजारच्या बागेत पडलेली किडकी फळे तशीच कुजू दिली, तर त्या मातीतील कोशांतून नव्या माश्या निघतात आणि आधीच फलन झालेल्या माद्या दोन्ही बागांत येतात. म्हणून सापळे संपूर्ण वाडीने एकाच वेळी लावणे आणि गळालेली फळे गोळा करून नष्ट करणे, हे काम व्यक्तीचे नसून गावाचे आहे. ग्रामसभेत ठरवावा असा हा विषय आहे.

दुसरी गोष्ट परागणाची. आंब्याच्या मोहोराचे परागण माश्या, मधमाश्या व इतर लहान कीटक करतात. मोहोर काही आठवडेच असतो. सातेरी मधमाशीच्या वसाहतीला मात्र वर्षभर अन्न हवे असते. केवळ आंबा तिला जगवू शकत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर सड्यावर फुलणाऱ्या वनस्पती, कडेची झुडपे आणि राया यांतून तिला उरलेल्या महिन्यांचे अन्न मिळते. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशकांची बेसुमार फवारणी केली, तर तुडतुड्यांबरोबर हे कामकरीही मरतात.

नोंदवहीत काय लिहावे?

१९९० नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने कोकणचे अर्थकारण बदलले. सुरुंग लावून कातळात खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून सड्यावरही कलमे उभी राहिली. अनेक कुटुंबांना त्यामुळे स्थैर्य आले, हे नाकारता येणार नाही. प्रश्न लागवड करावी की नाही असा नसून, गावाच्या सड्यापैकी कोणता भाग तसाच राखावा हा आहे. एकदा कातळ फोडला, सुटे दगड हलविले आणि डबकी भरून काढली, की तेथील कोनाडे पुन्हा तयार करता येत नाहीत. जांभा तयार होण्यास लागलेला काळ मानवी हिशेबात बसत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. या नोंदवहीत नुसती नावांची यादी लिहून भागणार नाही. प्रत्येक जीवापुढे तो कोणत्या महिन्यात दिसतो, कोठे राहतो, काय खातो आणि कोणाच्या उपयोगी पडतो, हे चार रकाने भरले गेले, तर ती त्या सड्याचा खरा नमुना बारा होईल. शाळेच्या विद्यार्थ्यांना जूनमध्ये एकदा, सप्टेंबरमध्ये एकदा आणि मोहोराच्या वेळी एकदा त्याच जागी नेले, तरी निम्मे काम होईल. दगड उलटून पाहिल्यास तो जसा होता तसाच परत ठेवावा आणि हात न घालता काठीचा उपयोग करावा, एवढी खबरदारी मात्र शिक्षकांनी घ्यावी.

राजापूर तालुक्यातील बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि कशेळी येथील सड्यांवर प्राचीन मानवाने खोदलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला. कशेळी येथे सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या आकृतीत इतर प्राणीही दाखविलेले आहेत. कोकणातील अन्य शिल्पांत गेंडाही दिसतो. गेंडा आज या भूमीत नाही. तो येथे माहीत होता, हे केवळ कातळावरील नोंदीमुळे आपणांस कळते. आजच्या सड्यावरील दीपकाडी, देवगांडूळ आणि पांढऱ्या पट्ट्यांची पाल अजून प्रत्यक्ष आहेत. येत्या पावसाळ्याच्या आरंभी ग्रामपंचायतीने आपल्या सड्यावर एक फेरी काढावी, राखावयाचा भाग निश्चित करावा आणि त्याची नोंद नोंदवहीत व ग्रामसभेच्या इतिवृत्तात करावी.